वाचकांचे प्रश्न : युरोपातील जुन्या कुस्तीचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. लहानपणापासून तालमीत, लाल मातीत कुस्ती केली. गुडघा गेल्यावर खेळ सुटला. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी कुस्तीवर सचित्र पुस्तके लिहिली गेली, असे वाचनात आले. ती कोणती, गावात बसून कशी मिळतील आणि जर्मन-इटालियन येत नसताना त्यांचा अभ्यास करता येईल काय? (एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : करता येईल, आणि ज्याचे अंग मातीत घोळले आहे अशा माणसाने तो अवश्य करावा. यांतील अनेक महत्त्वाची पुस्तके संबंधित ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी पानापानाची छायाचित्रे काढून इंटरनेटवर विनामूल्य खुली केली आहेत. ‘विक्टेनाउअर’ या मुक्त संकलनात तर मूळ मजकूर आणि अनेक ठिकाणी त्याचे इंग्रजी भाषांतर शेजारी-शेजारी मिळते. इंग्रजी वाचता येत असेल तर भाषेची अडचण बरीचशी तेथेच सुटते.

सुरुवात फाबियान फॉन आउअर्सवाल्ड यांच्या ‘रिंगर कुन्स्ट’ने करावी, असे मला वाटते. हे पुस्तक १५३९ मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग येथे छापले गेले. त्यात ८५ डाव असून लाकडी ठशांची चित्रे लुकास क्रानाख यांच्या चित्रशाळेतील मानली जातात. या चित्रांत डाव करून दाखवणारा दाढीवाला म्हातारा म्हणजे स्वतः ग्रंथकार. पंचाहत्तरी गाठलेला हा वस्ताद तरण्या गड्याला उचलतो आहे, हे पाहून आपल्याकडच्या कुठल्याही तालमीतल्या माणसाला ओळख पटेल.

त्यानंतर इटलीच्या फिओरे देई लिबेरी यांचा, १४१० च्या सुमारास तयार झालेला ग्रंथ घ्यावा. त्याची एक सुंदर प्रत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. तिच्यात आधी कुस्ती येते आणि मग शस्त्रे. ही चित्रे वाचण्याची एक किल्ली आहे : डोक्यावर मुकुट असलेला तो उस्ताद, गुडघ्याखाली पट्टा बांधलेला तो त्याचा शागीर्द, आणि मुकुट व पट्टा दोन्ही असलेला तो त्या डावाची तोड करणारा. ही खूण माहीत नसेल तर कोण कोणाला धरतो आहे, हेच कळत नाही. कुस्ती एक मनोरंजनाची आणि दुसरी रागाची, म्हणजे जिवावर उदार होऊन केलेली, असा भेद फिओरे सुरुवातीलाच करतात. हात मोडण्याचे, सांधा उखडण्याचे प्रकार त्या दुसऱ्या जातीचे आहेत. ते मुलांवर कधीही करून पाहू नयेत.

चित्रे नसलेला, पण मला सर्वांत मोलाचा वाटणारा मजकूर पंधराव्या शतकातील ऑट यांचा आहे. ऑस्ट्रियाच्या राजपुत्रांचे ते कुस्तीचे वस्ताद होते आणि त्यांची शिकवण अनेक हस्तलिखितांत उतरून घेतलेली आढळते. कला, चपळाई आणि ताकदीचा योग्य वापर या तीन गोष्टी कुस्तीत हव्यात, असे सांगून ते पुढे म्हणतात की दुबळ्यावर आपण आधी चाल करावी, बरोबरीच्याशी एकाच वेळी भिडावे आणि बलवानाला आधी येऊ देऊन मग त्याला गाठावे. खडाखडीत, म्हणजे पकड घेण्याआधी समोरच्याचा अंदाज घेत, उभ्या राहिलेल्या पैलवानाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याहून मागे जायचे असेल तर इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेला, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, तुकडा पाहावा. तो आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. हौदाच्या कडेला उभा राहून वस्ताद जोडीला एकेक पकड सांगतो, तशाच त्या ओळी आहेत. अलीकडच्या काळातील निकोलास पेटर यांचे १६७४ चे डच पुस्तक (७१ चित्रे) आणि टॉमस पार्किन्स यांचे १७१३ चे इंग्रजी पुस्तक ही दोन सवडीने पाहिली तरी चालतील.

तुमची तालीम या अभ्यासात जशी कामाला येईल तशीच ती फसवीलही, म्हणून एक सावधगिरी सांगतो. चित्रात एकाने हात धरून कंबर आत घातलेली दिसली की आपल्या तोंडून लगेच ‘ढाक’ हे आपल्याकडच्या डावाचे नाव निघते. परंतु चित्र एका क्षणाचे असते, आणि पाय आधी कुठे होता, वजन नंतर कुठे गेले हे शेजारचा मजकूरच सांगतो. शिवाय ती माणसे लंगोटावर नाहीत, अंगात कपडे आहेत. बाही किंवा कॉलर धरून केलेला डाव घामेजलेल्या उघड्या अंगावर जमला नाही, तर दोष ग्रंथाचा नसतो. म्हणून आधी मजकूर वहीत मराठीत उतरवावा, मग जाड सदरा घालून जोडीदारासोबत अगदी सावकाश करून पाहावे, आणि आपल्या डावाचे नाव सर्वांत शेवटी, तेही पेन्सिलीने लिहावे.

हीच शिस्त लावून घराजवळचा एक ग्रंथही वाचता येईल. उमरग्याच्या पलीकडे, सीमा ओलांडताच लागणाऱ्या बसवकल्याणात, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते फिओरेंच्या ग्रंथापेक्षा सुमारे पावणेतीनशे वर्षे जुने आहे, आणि औशाहून बसवकल्याण काही तासांच्या अंतरावर आहे.