आजोबांच्या पेटीत सापडलेले धातूचे सुटे भाग अँबॅसिडरचे की फियाटचे, हे कसे ओळखावे?

सर्वप्रथम बोल्टचे आटे मोजावेत, कारण माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह पुरावा तोच आहे. अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली असल्याने तिच्या जुन्या गाड्यांत मुख्यतः इंची आटे आढळतात. कुर्ल्याला तयार झालेल्या फियाट ११०० आणि पद्मिनीत मात्र मेट्रिक (मिलिमीटरच्या मापाचे) आटे असतात. ५/१६ इंची बोल्ट व ८ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, परंतु पहिल्याला इंचात २४ आटे असतात, तर दुसऱ्याच्या दोन आट्यांतील अंतर सव्वा मिलिमीटर असते, त्यामुळे दहा-बारा रुपयांच्या साध्या नटानेही फरक लगेच कळतो. नट बळाने मात्र फिरवू नये.

दोन्ही टोकांना दाते असलेली लांब, सरळ पोलादी कांब असल्यास ती बहुधा अँबॅसिडरच्या पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी कांब, असते, कारण फियाटला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात.

भाग ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने कृपया घासू नका. रॉकेलने पुसून वर खडू फिरवल्यास कोरलेले क्रमांक उठून दिसतात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विद्युत भागांवर क्रमांकाशेजारी बहुधा निर्मितीचा महिना व वर्षही असते.