‘अरिदमिया’ हा शब्द रोजच्या बोलण्यात कसा वापरायचा?

वडिलांच्या ईसीजीवर ‘अरिदमिया’ (म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडणं) लिहून आलंय, तो लोकांना कसा सांगायचा असं विचारलंय तुम्ही. बीपी-शुगरसारखाच वापरा. आमच्या यवतमाळकडे सरळ म्हणतात, “बाबूजीले अरिदमिया हाये, नाडी मधातच चुकते.” दात काढायला गेलात तर खुर्चीत बसायच्या आधीच: “डॉक्टर, यांना अरिदमिया आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.” गोळी चालू असेल तर हे वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे.

वावरातून कापसाचं गाठोडं आणल्यावर छाती धडधडते, तो मात्र अरिदमिया नाही. तेव्हा ठोके जलद पडतात, पण एका लयीत. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा, पूर्ण मिनिट मोजा. निवांत बसलेल्या माणसाचे साधारण ६० ते १०० पडतात. “बसल्या बसल्या ठोका मागेपुढे होऊन राहिला” असं सांगितलं तर डॉक्टरला लगेच समजतं.

आणि “अटॅक आला” म्हणू नका. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचं रक्त अडतं, इथं ठोक्याचा विजेचा इशारा बिघडतो. (गावात अटॅक म्हटलं की संध्याकाळपर्यंत पाहुणे दारात!)

प्रकार कोणता, तेवढं विचारून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसण्याऐवजी नुसते थरथरतात) असेल तर लकव्याचा धोका वाढतो, गोळी मनाने बंद करायची नाही. चक्कर येऊन पडले किंवा छातीत दुखलं तर १०८ लावा.