दिसत नाही, पण आहे ना भो तिथंच!

प्रश्न : काका, आम्ही चाळीसगावचे पाच जण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गप्पांतून आणि फाशांवर रंगवायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट रचणारा आणि न्याय देणारा, मी. लळिंग डोळ्यांसमोर ठेवून एक डोंगरी किल्ला रचला होता, निदान दोन महिने पुरेल असा. आमच्या विझार्डने (जादूगाराने) रोगवर (rogue, चोर पात्र) इन्व्हिजिबिलिटी, म्हणजे अदृश्य करणारा स्पेल (मंत्र), टाकली आणि रोग म्हणाला, "मी मेन दरवाजातून पहारेकऱ्यांच्या मधून चालत जातो, खजिन्याची पेटी उचलतो, परत येतो." मी स्टेल्थचा (गुपचूप वावरण्याचा) फासा मागितला तर सगळेच अंगावर आले : "दिसतच नाही तर फासा कशाला?" मी गप्प बसलो. एका बैठकीत किल्ला रिकामा. आता काय करू?

उत्तर : आधी एक. घरात वडीलधारी माणसं असतील तर 'रोग' हा शब्द जपून वापर. भुसावळला आमच्याकडे खेळ ऐन रंगात असताना एक जण ओरडला, "माझा रोग मेला!" आतून आई म्हणाली, "कोणाच्या औषधानं गुण आला रे?"

आता तुझा किल्ला. आमची केळी यावल तालुक्यात. ठिबक यायच्या आधी रात्रीची लाईट आली की मी वडिलांबरोबर पाणी भरायला जायचो. अमावस्येला केळीच्या बागेत स्वतःचा हात दिसत नाही. वडील मात्र बांधावर उभे राहून सांगायचे, "दोन डुकरं आहेत, मागं एक पिल्लू, विहिरीकडे चाललीत." वाळलेलं केळीचं पान पापडासारखं वाजतं, आणि भरलेल्या वाफ्यातून पाय उपसताना फच्च होतं. डुक्कर दिसत नव्हतं. पण ते लपलेलंही नव्हतं.

तुमचं सगळं भांडण या दोन वाक्यांत आहे. खेळाच्या २०१४च्या नियमांत अदृश्य माणूस लपण्यापुरता दाट अंधारात असल्यासारखा धरतात, म्हणजे भर चौकात उभा राहूनही त्याला लपता येतं. लपायची मुभा मिळाली, लपायचं काम त्याचं त्यालाच करायचंय. त्यासाठी आपल्या पाळीतली हाइड (लपणे) ही अ‍ॅक्शन खर्चायची आणि स्टेल्थचा फासा टाकायचा. आवाजावरून किंवा पाऊलखुणांवरून तो कुठे आहे हे कळू शकतं, असं तिथेच लिहिलंय. लढाईत तर लपला नाही तोवर तो कुठल्या चौकोनात आहे ते शत्रूला माहीत असतं. त्याच्यावर वार डिसअ‍ॅडव्हान्टेजने होतात, त्याचे वार अ‍ॅडव्हान्टेजने. (पहिल्यात दोन फाशांतला लहान आकडा धरतात, दुसऱ्यात मोठा.) फायदा हा एवढा, आणि तो काही थोडा नाही.

ही काही नवी अक्कलही नाही. १९७८च्या जुन्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची शक्यता १० टक्के आणि आवाज न करता चालायची १५ टक्के, असे दोन वेगळे आकडे होते. दिसणं वेगळं, ऐकू येणं वेगळं. पुढे दोन्ही मिळून एकच स्टेल्थ झालं आणि पोरं ऐकू येणं विसरली.

फासा मागितलास म्हणून अन्यायही होत नव्हता. साध्या पहारेकऱ्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरलेला सावधपणाचा आकडा, १२. तुझ्या रोगचा स्टेल्थ +७ (पडलेल्या आकड्यात मिळवायचे) असेल तर वीस बाजूंच्या डी-ट्वेंटीवर ६ पडला तरी निभावतं. तो हरतो कधी? वाड्यात कुत्रा बांधलेला असेल तेव्हा. मॅस्टिफ जातीच्या कुत्र्याचं पॅसिव्ह १३, वास आणि कानाच्या बाबतीत त्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे आणखी ५. झाले १८. आता रोगला खिशात मटणाचा तुकडा ठेवावा लागेल, वारा कुठून वाहतोय ते बघावं लागेल. खेळ इथून सुरू होतो. दारातल्या धान्याच्या राशी, नुकतं सारवलेलं अंगण, पाखडताना उडालेलं पीठ... हे तू आधीच बोलून ठेवायचंस, फसवण्यासाठी नाही तर त्याला वाट शोधता यावी म्हणून.

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. मी स्वतः गेलो होतो. एकाने दोनदा इन्व्हिजिबिलिटी वापरली तर तिसऱ्या वेळी प्रत्येक दारात ट्रूसाइटवाला (अदृश्यही दिसणारा) राक्षस उभा केला. तीन आठवडे तो पोरगा खेळायला आला नाही, आणि बरोबर होतं त्याचं. विझार्डने दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेलच्या मोजक्या साठ्यातला एक) घातलाय, तासभर कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरचं ध्यान) धरून बसलाय, त्या वेळात त्याला दुसरा असा कुठलाही स्पेल धरता येत नाही. त्या खर्चाचं काहीतरी त्याच्या पदरात पडू दे. शह द्यायचाच तर किल्ल्याबाहेर झुडपात बसलेल्या विझार्डला दे. त्याला जखम झाली, कॉन्सन्ट्रेशन तुटलं, की आतला रोग भर दरबारात उघडा. आणि रोगने कोणावर वार केला किंवा स्वतः स्पेल टाकला की इन्व्हिजिबिलिटी तिथेच संपते, हे टेबलावर मोठ्याने एकदा वाचून दाखव.

पेटीबद्दल माझा न्याय असा : अंगरख्यात मावलं ते अदृश्य, कडेवर घेतलेली पेटी हवेत तरंगताना दिसणार. काहींना हे पटत नाही. नसू दे.

झालेलं मात्र परत घेऊ नकोस. खजिना गेला तो गेला. सकाळी खजिनदार कुलूप उघडतो, धुळीत एकाच माणसाची पावलं, आत येणारी उथळ आणि बाहेर जाणारी खोल. राहिलेले दोन महिने या पावलांवर काढ.

प्रश्न : आमचा डीएम प्रत्येक दारापाशी नवा स्टेल्थ फासा मागतो. पाचव्या दारापर्यंत मी पकडली जातेच. माझंच नशीब खोटं का? (धुळ्याहून एक वाचक)

उत्तर : नशीब नाही ताई, गुणाकार. प्रत्येक फाशाला ८० टक्के शक्यता असली तरी पाच फासे लागोपाठ साधायची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत येते. एकदा पडलेला फासा परिस्थिती बदलेपर्यंत चालू द्यावा. गस्त बदलली, फरशी वाजली, तुम्ही पळायला लागलात, तर नवा. अख्खी टोळी चालली असेल तर ग्रुप चेक घ्यायला सांगा : निम्मे जमले की सगळे पार. नाहीतर लोखंडी चिलखत घातलेला पॅलाडिन (धर्मयोद्धा) प्रत्येक मोहिमेत तुम्हाला बुडवणार.

प्रश्न : आमच्याकडे निम्मे २०१४चे नियम मानतात, निम्मे २०२४चे. लपण्यात फरक काय? (नंदुरबार)

उत्तर : नव्यात हाइड करताना किमान १५ लागतात, आणि शत्रूच्या नजरेआड दाट अंधार किंवा निदान तीन-चतुर्थांश आडोसा हवा. जमलं की तुम्हाला इन्व्हिजिबल (अदृश्य) हीच कंडिशन, म्हणजे अवस्था, मिळते आणि तुमच्या फाशाची बेरीज हा शोधणाऱ्याने गाठायचा आकडा होतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, वार केला, उच्चारून स्पेल टाकला किंवा सापडलात, की संपलं. दोन्हींची खिचडी करू नका, एक धरा.

प्रश्न : डिसेंबरात शेतात भरीत पार्टी आहे. काळोखात, शेकोटीच्या उजेडात खेळलं तर वातावरण जमेल का? (जामनेर)

उत्तर : जमतं, आम्ही केलंय. फक्त कोणाला काय पडलं ते दिसत नाही. एकाने लागोपाठ तीनदा वीस पडल्याचं सांगितलं, चौथ्या वेळी आम्ही मोबाईलची बॅटरी लावली, तर फासा भरताच्या पातेल्यात होता.