नफा कागदावर दिसतो, मग पैसे कुठे गेले?

मार्च जवळ आला की छोट्या व्यावसायिकांकडून त्याच शंका पुन्हा येतात. त्यातल्या काहींची उत्तरं.

प्रश्न : किराणा दुकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे. गल्ल्यावरचा क्यूआर मुलाच्या बचत खात्याचा आहे. यूपीआयचे पैसे विक्रीत धरत नाहीत असं ऐकलं. खरं का?

खोटं. रोख, यूपीआय, उधारी, तिन्ही विक्रीच. असं सांगणाऱ्याला उद्या नोटिशीचं उत्तर लिहायला बसवा! धंद्याचं करंट खातं उघडा आणि क्यूआर त्याचाच लावा. मुलाच्या खात्यात आजवर आलेल्या रकमांची महिनावार यादी करून कर सल्लागाराला दाखवा. महाराष्ट्रात नुसत्या मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे आणि सेवांमध्ये २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. काही धंद्यांना त्याआधीही लागते, म्हणून आकडा स्वतःच ठरवू नका.

प्रश्न : बँकेत पैसे भरले की पासबुकात क्रेडिट येतं, अकाउंटंट मात्र डेबिट लिहितो. कोण चुकतंय?

कोणीच नाही. पासबुक ही बँकेची वही आहे. तुमची ठेव हे बँकेचं देणं, म्हणून तिथे क्रेडिट. तुमच्या वहीत तेच येणं, म्हणून डेबिट. दर महिन्याला दोन्ही जुळवून बघा. न वटलेला चेक, बँकेने परस्पर कापलेलं शुल्क, दोनदा लिहिलेली पावती, हे सगळं तिथेच सापडतं.

प्रश्न : ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकतो. मार्जिन २५ टक्के की २०?

खरेदीवर २५, विक्रीवर २०. सूट विक्रीच्या किमतीवर देता, तेव्हा २० लक्षात ठेवा.

प्रश्न : फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सीएंनी ६ लाख नफा काढला, पण बँकेतली शिल्लक गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे. अकाउंटंट पैसे खातो का?

संशय घेण्याआधी मागचा आणि यंदाचा ताळेबंद शेजारी ठेवा. नफा-तोटा पत्रक एकटं वाचून हे कधीच कळणार नाही, आणि बहुतेक मालक तेवढंच वाचतात.

उदाहरणाने बघू. नफा ६,००,०००. घसारा, म्हणजे मशीनची वर्षाची झीज, ६०,००० खर्चात धरला, पण तो कोणाला दिलेला नाही, म्हणून परत मिळवा : ६,६०,०००. गिऱ्हाइकांकडची उधारी २,४०,००० ने वाढली. विक्री लिहिली, पैसे आले नाहीत. वजा करा : ४,२०,०००. पत्रा, अँगल, वेल्डिंग रॉडचा साठा १,८०,००० ने वाढला : २,४०,०००. पुरवठादारांचं देणं ५०,००० ने वाढलं, तेवढे तुमच्याकडे राहिले : २,९०,०००. मशीनच्या कर्जाचं मुद्दल १,२०,००० फेडलं. हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. उरले १,७०,०००. घरखर्चाला महिना २० हजार उचलले, वर्षाचे २,४०,०००. मालकाची उचल हा धंद्याचा खर्च नव्हे, ती भांडवलातून जाते. म्हणजे नफा ६ लाख आणि शिल्लक ७० हजारांनी कमी. कोणी काही खाल्लेलं नाही.

आता दुखणं शोधा. उधारीची यादी वयानुसार करा : ३० दिवसांपर्यंतची, ६० पर्यंतची, ९० पर्यंतची आणि त्यापुढची. ९० पुढच्या गिऱ्हाइकाला नवा माल देण्याआधी जुनी वसुली. शिवाय जीएसटी बिलावर लागतो, वसुलीवर नाही. मार्चच्या बिलाचा कर एप्रिलमध्ये तुम्ही भरता, गिऱ्हाईक पैसे जूनमध्ये देतं किंवा देतच नाही.

आणि साठा. ३१ मार्चला तो वजन करून, मोजून लिहिलात, की अकाउंटंटने "गेल्या वर्षीएवढाच टक्का बसला पाहिजे" म्हणून आकडा बसवला? बँकेकडून कॅश क्रेडिटची (साठा आणि उधारीच्या तारणावर मिळणाऱ्या खेळत्या कर्जाची) मर्यादा वाढवून घ्यायला साठा फुगवण्याची चाल तर सर्रास चालते. अखेरचा साठा २ लाखांनी फुगवला की नफाही २ लाखांनी फुगतो. कमावलेलाच नाही अशा नफ्यावर कर भरता, आणि पुढच्या वर्षी तोच फुगीर आकडा सुरुवातीचा साठा होऊन उलटतो. साठ्याचा भाव खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, जो कमी तो. गंजलेला पत्रा पूर्ण भावाने धरू नका. बँकेला दिलेलं विवरण आणि ताळेबंदातला आकडा वेगळे असतील तर आयकर विवरणपत्र भरण्याआधी सीएंसमोर बसा, नंतर नाही.

प्रश्न : पुरवठादाराने बिलात १८ टक्के जीएसटी घेतला. माझ्या जीएसटी पोर्टलवर त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करण्याची सवलत) दिसत नाही. घेऊ का?

नाही. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या विवरणात, बिल दिसेपर्यंत क्रेडिट नाही. हे विवरण साधारण १४ तारखेला तयार होतं. त्याच दिवशी खरेदीच्या वहीशी पडताळा आणि न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादाराला लेखी कळवा. तो "भरतो, भरतो" म्हणत राहील. एका आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मिळतं, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर ते भरेपर्यंतच. उलट बाजूही बघा : पुरवठादाराचे पैसे बिलापासून १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय) असाल तर क्रेडिटचा प्रश्नच नाही. प्रकरण मोठ्या रकमेचं असेल तर सल्लागाराला पत्रव्यवहारासकट दाखवा.

प्रश्न : एक विक्रेता म्हणतो, हे सॉफ्टवेअर घ्या, मग सीए लागत नाही.

सॉफ्टवेअर बेरीज करतं. खासगी मोटारीचं डिझेल धंद्याच्या खर्चात टाकलंत तर तीही बिनचूक करतं. पैसे देण्याआधी एवढंच विचारा : माझा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, आणि नूतनीकरण नाही केलं तर जुनी वर्षं उघडतात का? गोलमोल उत्तर आलं तर घेऊ नका. आधी तीन महिने रोज संध्याकाळी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहून गल्ल्याशी जुळवा, आणि खात्यांची नावं सीएंकडून ठरवून घ्या.