आप्पांनी घरपट्टी का भरली?

“मॅडम, घरचाच माणूस आहे, पण स्वतःबद्दल धादांत खोटं सांगत फिरतो. चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडू का?”

जळगावात समुपदेशन करायला लागून मला १९ वर्षं झाली. एवढ्या काळात हा प्रश्न किती जणांच्या तोंडून ऐकला त्याची मोजदाद नाही. कुणाचा जावई पुण्यात मोठ्या कंपनीत साहेब असल्याचं सांगतो आणि प्रत्यक्षात घरी बसलेला असतो. कुणाचा दीर मंत्रालयात ओळख असल्याच्या बाता मारतो. गेल्या दोन वर्षांत मात्र एकाच तऱ्हेची तीन घरं आली. घरातला माणूस फौजेत कधीच नव्हता आणि अख्खं गाव त्याला ‘फौजी’ म्हणून हाक मारत होतं. त्यातल्या एकाची ही हकिकत. ओळख पटेल असं सगळं मी बदललंय, आणि त्यांनी स्वतः वाचून होकार दिलाय. त्यांना आपण आप्पा म्हणू.

आधी आला तो आप्पांचा मुलगा. एकोणीस वर्षांचा, पहाटे चारला उठून पळायला जाणारा, अग्निवीर भरतीच्या तयारीतला. माजी सैनिकाच्या मुलाला भरतीत जादा गुण आणि शारीरिक मापांत थोडी सूट मिळते. त्यासाठी वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसचा नात्याचा दाखला लागतो. म्हणून त्याने वडिलांकडे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त झाल्याचं पुस्तक, मागितलं. आज देतो, उद्या देतो, पेटीत आहे, पेटीची किल्ली सापडत नाही, असे दोन महिने गेले. शेवटी पोरगा स्वतःच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आला. तिथे वडिलांच्या नावाची नोंदच नव्हती. दर १५ ऑगस्टला आप्पा छातीवर सेना मेडल लावून शाळेच्या झेंड्याखाली उभे राहत. हे पदक मिळालेल्याचं नाव भारताच्या राजपत्रात येतं, आणि शौर्यासाठी मिळालं असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही सापडतं. पोराने रात्रभर मोबाइलवर शोधलं. कुठेच नाव नव्हतं.

“येत्या १५ ऑगस्टला माइक हातात घेणार आहे मी,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर सांगणार.”

“त्याने काय होईल?”

“त्यांना कळेल तरी, ते काय करताहेत.”

“ते त्यांना आधीपासून माहीत आहे, बेटा. त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.”

तो गप्प झाला. मग खालच्या आवाजात विचारलं, “हा गुन्हा आहे का?” मी लपवलं नाही. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा गणवेश किंवा खूण मिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ते पदक पुन्हा छातीवर लागता कामा नये, हे पहिलं काम. कायद्याचं बाकी वकिलाला विचार, असं सांगितलं.

उठता उठता तो रागातच एक वाक्य बोलून गेला. “गावात फौजेतून रिटायर झालेले हवालदार काका आहेत, माजी सैनिक म्हणून त्यांना घरपट्टी माफ आहे. ग्रामसेवक आमच्याकडेही दोनदा अर्ज घेऊन आले. बाबांनी परत पाठवलं. म्हणे देशासाठी केलं त्याची माफी कशाला घ्यायची! आणि दर वर्षी रांगेत उभं राहून भरतात. त्यातही मोठेपणा!”

मी त्याला पुन्हा बसवलं आणि ते वाक्य परत सांगायला लावलं. माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे, खाली दोन रेघा मारलेली: घरपट्टी भरतात.

मी आल्फ्रेड ॲडलर या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने जाणारी. व्हिएन्नाचा हा डॉक्टर स्वतः लहानपणी मुडदुसाने अधू झालेला, थोरल्या भावाच्या मागे पडणारा. आपण कुठेतरी कमी आहोत ही बोच प्रत्येकाला असते, असं तो मानायचा. आणि माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर ते कशासाठी चाललंय हे बघा, असं शिकवायचा. त्या शिकवणीला माझ्या अनुभवाने एक जोड दिली आहे, आणि आज ती मी ठामपणे सांगते: खोटं बोलणारा माणूस काय काय खोटं बोलतो याची यादी करत बसू नका. तो कुठे थांबतो ते बघा. हात घातला असता तर मिळालं असतं, आणि तरी त्याने घातला नाही, असं काही आहे का? जिथे खोटं थांबतं तिथे तो माणूस उभा असतो.

ही रेघ कायद्यालाही ओढावी लागली आहे. अमेरिकेत फौजी पदकांचा खोटा दावा करणं २००५ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं होतं. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. नुसतं खोटं बोलण्यासाठी शिक्षा देता येणार नाही असं ठरलं. २०१३ मध्ये नवा कायदा आला, त्यात पैसा किंवा फायदा उकळण्याच्या हेतूने केलेला दावाच गुन्हा धरला. माझ्याकडे येणाऱ्या घरांनाही मी पहिल्यांदा हेच विचारते. या खोट्यावर कुणाचे पैसे घेतलेत? नोकरी लावतो म्हणून रक्कम उचलली? लग्न जमवलं? तसं असेल तर माझ्या खोलीत वेळ घालवू नका, आधी पोलीस ठाण्यात जा. आमच्या तीन घरांपैकी एकात तसंच होतं आणि मी त्यांना तसंच पाठवलं. समुपदेशन ही फसवणुकीवर घालायची चादर नाही.

आप्पांना आणायचं कसं? “तब्येत दाखवायला चला म्हणून आणतो,” असं पोरगा म्हणाला. मी नाही म्हटलं. खोट्यातून बाहेर काढायला खोटं वापरायचं नाही. त्याला तीन वाक्यं दिली, घरात, आई समोर असताना बोलायची: मला कळलंय. मी कुणाला सांगितलेलं नाही. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

ते तिघेही आले. आईला मी आधी वेगळं बसवलं. त्या शेतमजुरी करणाऱ्या, केळीच्या बागांतून कामाला जाणाऱ्या. त्यांना धक्का बसला असेल असं धरून मी हळूहळू बोलत होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“माले माहीत शे, मॅडम. लग्न झालं तेव्हापासून. ते सांगायचे काश्मीरला आहे. मनिऑर्डर यायची त्यावर शिक्का नाशिकजवळच्या देवळालीचा. हवालदाराच्या घरी पत्रं यायची त्यावर छप्पन एपीओ, फौजेच्या टपालाचा पत्ता. मी सातवी शिकेल शे.”

“कधी बोलला नाहीत?”

“मी बोलले असते तर ते घरी यायचे बंद झाले असते.”

अशा घरात बहुधा एकाला तरी ठाऊक असतं. त्या व्यक्तीवर ‘तू साथ दिलीस’ म्हणून तुटून पडू नका. पण इथून पुढे साथ द्यायची नाही, हेही सांगावं लागतं. “तुमचे फौजीसाहेब आहेत का?” असं कुणी विचारलं तर “आप्पा घरात आहेत” एवढंच म्हणायचं, असं आम्ही ठरवलं. कुणाला उघडं पाडायचं नाही आणि त्या गोष्टीला हातभारही लावायचा नाही. ऐकायला साधं वाटतं, पण त्या माउलीला ते जमायला दीड महिना गेला.

आप्पांची पहिली दोन सत्रं द्रासच्या थंडीत गेली. पोराला सगळं कळलंय हे माहीत असूनही ते मला १९९९ सालचं ऑपरेशन विजय, म्हणजे कारगिलची लढाई, सांगत होते. मी मान डोलावली नाही, खोडूनही काढलं नाही. तिसऱ्या वेळी म्हटलं, “आप्पा, मला बाकी काही विचारायचं नाही. तुम्ही घरपट्टी का भरली?”

ते हसले. देशासाठी वगैरे सुरू केलं आणि अर्ध्यातच थांबले.

“ग्रामसेवक फॉर्म घेऊन दारात आले होते,” मी म्हटलं. “गावात कुणी शंका घेतली नसती. का परत पाठवलंत?”

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. नव्या समुपदेशकांना मी नेहमी सांगते की अशा वेळी समोरच्याला पाणीसुद्धा देऊ नका. पाण्याच्या घोटाबरोबर वाक्य परत पोटात जातं.

“ती माफी त्यांची आहे,” आप्पा म्हणाले. “हवालदाराची. जे गेले त्यांच्या घरच्यांची. मी कसा घेऊ?”

‘त्यांची’. इतकी वर्षं ‘आम्ही जवान’ म्हणणारा माणूस पहिल्यांदा ‘ते’ म्हणाला होता. मला वाट सापडली. खरं सांगते, त्या क्षणी माझेही हात थरथरले.

मग सगळं आलं. १९९० साली भरतीला गेले. पळण्यात पास, बीमवर दहा पुलअप्स काढले. आनंदाच्या भरात सोबतच्याने गावी निरोप धाडला आणि इकडे पेढे वाटून झाले. नंतर मेडिकल. कानाचा पडदा फाटका निघाला. अनफिट. गावी परत जायची हिंमत झाली नाही, म्हणून देवळाली कँपात एका लाँड्रीत कामाला राहिले. सोळा वर्षं जवानांचे गणवेश धुतले, इस्त्री केले. कुठली फीत कुठे लागते, सेना मेडलच्या लाल फितीत पांढरी रेघ कशी जाते, हे सगळं हाताखालून गेलेलं. जवानाला पेन्शन बसायला १५ वर्षं लागतात हेही तिथेच ऐकलेलं, म्हणून १५ वर्षं उलटून गेल्यावरच ‘रिटायर’ होऊन आले. सुट्टीवर येतानाची गोष्ट ऐकून तर मला रात्री झोप लागली नाही. देवळालीहून निघालं की चाळीसगाव आधी लागतं. ते तिथे उतरत नसत. आपल्या गावचं स्टेशन मागे टाकून थेट भुसावळला जात, फलाटावर थांबत, आणि जम्मूहून येणाऱ्या झेलम एक्स्प्रेसने परत चाळीसगावला येऊन काळी पेटी घेऊन उतरत.

“आते थकी गऊ मी,” आप्पा म्हणाले.

मला वाटलं, झालं, तळ लागला. तळ अजून खाली होता. शेजारच्या गावात एक म्हातारी माय आहे, तिचा मुलगा काश्मीरमध्ये शहीद झाला. एका २६ जानेवारीला दोघांचा सत्कार एकाच मांडवात झाला. तिने आप्पांचा हात धरून विचारलं, “भाऊ, तू तथाच व्हता ना? मना पोर्‍या काय बोलना व्हई शेवटले?” आप्पांनी सांगितलं, तुमचं नाव घेतलं त्याने. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती आप्पांना बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा पाठवायची.

“ते बिबडे मी कधी खाल्ले नाहीत, मॅडम.”

घरपट्टी आणि बिबडे. ही दोनच ठिकाणं, जिथे आप्पांनी खोट्याचं खाल्लं नाही. पुढचं सगळं काम मी या दोन ठिकाणांवर उभं केलं. ‘तुम्ही खोटारडे आहात’ हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. जो माणूस रांगेत उभा राहून घरपट्टी भरत होता, त्याला पुढे आणायचं होतं. घरच्यांनी असं एखादं ठिकाण शोधावं आणि बोलणं तिथून सुरू करावं, हे मी कळकळीने सांगते. ते ठिकाण सापडण्याआधी भर चौकात पुरावे फेकलेत, तर माणूस एक तर दुसरं मोठं खोटं उभारतो किंवा जिवाचं काही बरंवाईट करून घेतो. तशी भाषा ऐकू आली तर एक दिवसही थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

आप्पांनी झेंड्याच्या कार्यक्रमाला नकार दिला. कँपातल्या दुकानातून घेतलेलं पदक घरातून गेलं. मग ते हवालदारांकडे गेले. हवालदार चिडले, आणि त्यांचा राग रास्तच होता. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. ज्यांनी सोबती खांद्यावरून आणले त्यांच्यासमोर हे नुसतं ‘दुखावलेल्या मनाचं’ प्रकरण होऊ शकत नाही. त्यांनी ग्रामसभेत सांगायची अट घातली. आप्पांनी ती पाळली, चार वाक्यांत. काही लोक आता त्यांच्याशी बोलत नाहीत. ‘मॅडम, तुम्ही हवालदार काकांना समजावा ना,’ असं पोरगा म्हणाला. मी नकार दिला. खरं बोलायला आप्पांना मदत करणं माझं काम. माफी वाटणं माझ्या हातात नाही. पोराने भरतीचा अर्ज सवलतीशिवाय भरला.

म्हातारीकडे आप्पा एकटे गेले. ऐकून तिने एवढंच विचारलं, “मंग तो काय बोलना व्हता?” आप्पा म्हणाले, “माले माहीत नही, माय.”

या उन्हाळ्यात डबा आला नाही. मागच्या वर्षीचा डबा आप्पांच्या घरी होता, आणि आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. “काय भरून देऊ?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “ते तुम्हीच ठरवा.” त्यांनी बटाईच्या वावरातली तूर भरून नेली. तिने दारातच डबा घेतला. आत बोलावलं नाही.