मुलगा नववीत आहे, शाळा न सोडता प्रत्यक्ष काम शिकता येईल का?

येईल. आधी शाळेत ‘मूलभूत तंत्रज्ञान’ म्हणजे आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) हा विषय आहे का, ते विचारा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम ही हातानं काम करत शिकवणारी संस्था सुरू केली, तिथून हा विषय शाळांमध्ये गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला साधारण एक दिवस वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य यांसाठी. यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मुलं गावातली खरी कामं घेतात. कुणाच्या गोठ्याचं फाटक वेल्डिंग करायचं असेल, तर मापं घेणं, लोखंडाचा हिशेब, मजुरी धरून किंमत काढणं, सगळं त्यांनीच. फाटक वाकडं बसलं तर मालक बोलणारच! प्रात्यक्षिकाच्या वहीतून हे येत नाही.

विषय नसेल तर सुट्टीत ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे बसवा, पण आधी वय बघा. चौदाच्या आत कामावर ठेवणं बेकायदा आहे (घरचा धंदा असेल तर शाळा सुटल्यावर मदत चालते), आणि अठरापर्यंत धोक्याची कामं नाहीत. ‘शिकायला आलाय’ म्हणत दिवसभर चहा आणायला पिटाळणारेही भेटतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच काय शिकवलं ते मुलाला विचारा.

दहावीनंतर आयटीआय आहेच. अप्रेंटिसशिपला विद्यावेतनही मिळतं. फक्त दहावी होईपर्यंत गणित सोडू देऊ नका, बहुतेक तांत्रिक ट्रेडना ते लागतं.