मध्य-महासागरी रांगांखाली शिलारस सतत तयार होतो, मग उद्रेक सतत का होत नाहीत?

शिलारस (वितळलेला खडक) सतत तयार होत असूनही मध्य-महासागरी पर्वतरांगांवर, म्हणजे भूपट्ट जिथे दूर सरकतात त्या समुद्रतळावरच्या रांगांवर, उद्रेक अधूनमधूनच का होतात, आणि तेवढ्यातून सागरी कवच कसे घडते, असे आपण विचारले आहे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: तिथला बहुतेक शिलारस समुद्रतळापर्यंत पोहोचतच नाही.

भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तसे खालचे प्रावरण (कवचाखालचा तप्त, घन खडकाचा थर) वर चढते आणि दाब घटल्यामुळे, बाहेरची उष्णता न मिळताही, त्याचा काही अंश वितळतो. पूर्व पॅसिफिक रांगेसारख्या वेगाने फाकणाऱ्या रांगेत हा शिलारस तळाखाली साधारण दीड किलोमीटरवर एका पातळ, आडव्या साठ्यात जमतो. साठ्यातला दाब आणि वरच्या कवचातला ताण वाढत जाऊन खडकाला सोसेनासे झाले, की उभी भेग पडते आणि शिलारस तीत घुसतो. पण पुष्कळदा तो वाटेतच थिजतो.

म्हणूनच सहा-सात किलोमीटर जाडीच्या कवचात लाव्हाचा थर बहुधा एक किलोमीटरहूनही कमी असतो. त्याखाली भेगांत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भित्ती (डाइक) आणि सर्वांत खाली, सर्वांत जाड, गॅब्रो, म्हणजे खोलवरच थिजलेल्या शिलारसाचा खडक. आमच्या कोल्हापूरकडच्या खाणीतला नुकताच फोडलेला काळा दगड, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला बेसाल्ट, भिंगाखाली धरला तरी त्याचे कण जेमतेम वेगळे दिसतात. गॅब्रोचे कण मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसतात, कारण तो खोलवर फार सावकाश निवतो. (आपला दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी खंडावर झालेल्या उद्रेकांतला आहे. त्याला सागरी कवच समजू नये.)

साठा भरतो आणि रिता होतो, हे ईशान्य पॅसिफिकमधल्या ॲक्सियल सीमाउंट या ज्वालामुखीवर प्रत्यक्ष मोजले गेले आहे. तिथे 1998, 2011 आणि 2015 मध्ये उद्रेक झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात समुद्रतळ हळूहळू फुगतो. 2015 च्या उद्रेकात तो दोन मीटरहून अधिक खचला. हा फुगवटा मोजूनच बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी त्या उद्रेकाचा अंदाज आधी वर्तवला होता, आणि मला ही या शास्त्रातली फार मोलाची कामगिरी वाटते.

अटलांटिकमधल्या किंवा हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेसारख्या संथ रांगांत शिलारसाचा पुरवठा तोकडा असल्याने असा कायमचा साठा सहसा टिकत नाही, आणि फाकण्याचा बराच भाग प्रस्तरभंगच (खडक तुटून सरकलेल्या भेगा) पेलतात. नैर्ऋत्य हिंदी महासागरातल्या अतिसंथ रांगेवर तर काही पट्ट्यांत लाव्हा जवळजवळ नाहीच. तिथे प्रावरणाचा खडकच समुद्रतळावर उघडा पडलेला आहे.